पावसाळ्यातील वाचन : सावदा परिसरातील एका बुद्धविहाराची ओळख

तापीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत पसरलेल्या रावेर तालुक्यात सावदा हे केळीच्या व्यापाराचे जुने ठाणे आहे. भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याचे स्थानक असून, येथून केळीच्या गाड्या भरून उत्तर भारतात जातात. १९३६ साली राष्ट्रसभेचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन ज्या फैजपूरला भरले, ते येथून जवळच आहे. आषाढात या भागातून प्रवास करणाऱ्याला दुतर्फा केळीच्या बागा, ओल्या काळ्या मातीचा वास आणि उत्तरेला ढगांत बुडालेला सातपुडा एवढेच दिसते. परंतु याच दिवसांत, दिवेलागणीनंतर, येथील अनेक वस्त्यांतील बुद्धविहारांमध्ये एक उपक्रम नित्यनेमाने चालतो. त्याची ओळख ग्रामीण भागात काम करणाऱ्या प्रत्येकाला असावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

कामानिमित्त सावद्याला मुक्काम असताना जवळच्या एका लहान गावी जाण्याचा योग आला. आषाढ पौर्णिमा होऊन दहा-बारा दिवस झाले होते. दिवसाची कामे आटोपल्यावर ग्रामपंचायतीच्या एका सदस्यांनी सुचविले, "साहेब, आज मुक्कामच आहे तर संध्याकाळी विहारात या. वर्षावासाचे वाचन चालू आहे." निमंत्रण मनापासून होते. मी होकार दिला आणि देवस्थानाला जावे तसा, सवयीने, दुकानातून एक नारळ व उदबत्तीचा पुडा घेऊन निघालो.

विहाराचे स्वरूप

विहार म्हणजे वस्तीच्या मध्यभागी असलेली एक साधी, पत्र्याच्या छपराची खोली. दारावर निळ्या, पिवळ्या, तांबड्या, पांढऱ्या व नारिंगी पट्ट्यांचा पंचशील ध्वज होता. आत समोरच्या भिंतीशी ओट्यावर ध्यानस्थ बुद्धमूर्ती आणि शेजारी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची प्रतिमा. मूर्तीपुढे मेणबत्त्या व पांढरी फुले. जमिनीवर सतरंजी. एका कोपऱ्यात लाकडी कपाट आणि त्यात चाळीसएक पुस्तके. दाराजवळच्या फरशीवर बांधकामासाठी वर्गणी देणाऱ्यांची नावे कोरलेली होती. त्यांत भुसावळला रेल्वेत नोकरी करणारे होते, शेतमजूर होते आणि स्वतःच्या नावाने रक्कम देणाऱ्या स्त्रियाही होत्या.

मी पादत्राणे बाहेर काढून आत गेलो आणि नारळ पुढे केला. पांढरे लुगडे नेसलेल्या एक वृद्ध बाई दारापाशी बसल्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "भाऊ, इथं नारळ फोडत नाहीत. द्या इकडे, पोरांना खोबरं होईल." त्यांच्या स्वरात टोमणा नव्हता, पण माझी चूक माझ्या ध्यानात आली. गेली अनेक वर्षे ग्रामीण भागात हिंडूनही, ज्या वास्तूवरून मी कित्येकदा गेलो होतो, तिच्या आत काय चालते हे मी कधी विचारलेच नव्हते.

विहारात नवस बोलला जात नाही, अंगारा दिला जात नाही, कौल लावला जात नाही. बुद्ध हा वर देणारा देव नव्हे, तर मार्ग दाखविणारा शास्ता आहे, अशी येथील श्रद्धा आहे. म्हणून मूर्तीसमोर जे केले जाते त्याला 'वंदना' म्हणतात. मेणबत्ती हे ज्ञानाच्या प्रकाशाचे आणि कोमेजणारे फूल हे अनित्यतेचे प्रतीक मानले जाते. प्रारंभी सर्वांनी मिळून पाली भाषेत त्रिसरण व पंचशील म्हटले. बुद्ध, धम्म व संघ या तिघांना शरण जाणे हे त्रिसरण. जीवहिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य व मादक पदार्थ यांपासून दूर राहण्याचा संकल्प हे पंचशील. त्यानंतर बुद्धवंदना, धम्मवंदना व संघवंदना झाली. हे सर्व पाऊण घटकेत आटोपले. आणि मग, ज्यासाठी साठ-सत्तर माणसे जमली होती, त्या वाचनास आरंभ झाला.

वर्षावासाची मूळ कल्पना

वाचनाचे महत्त्व कळण्यासाठी वर्षावास म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. बुद्धाच्या काळी भिक्खू वर्षभर गावोगाव फिरत असत. पावसाळ्यातही ते हिंडतात आणि हिरवी रोपे व बारीकसारीक जीव त्यांच्या पायाखाली तुडविले जातात, अशी तक्रार लोकांनी केली, असे विनयपिटकात सांगितले आहे. त्यावरून बुद्धाने पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. ज्याच्या शेतात नुकते पीक उगवले आहे अशा शेतकऱ्याला या नियमामागील शहाणपण वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा हा काळ अध्ययन, चिंतन व उपदेश यांसाठी राखून ठेवला गेला. श्रीलंका, म्यानमार, थायलंड या देशांत ही परंपरा आजतागायत अखंड चालू आहे. थायलंडमध्ये तर अनेक तरुण या काळापुरते चीवर धारण करून विहारात राहतात.

खानदेशाच्या वेशीवर या परंपरेच्या दगडी खुणा आहेत. चाळीसगावच्या दक्षिणेस सातमाळा डोंगरात पितळखोरे आणि जळगावच्या दक्षिणेस वाघोरा नदीच्या वळणावर अजिंठा. हे दोन्ही लेणीसमूह आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडतात, पण त्यांचे पाण्याचे व वाटेचे नाते खानदेशाशी आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास येथील खोदकामास आरंभ झाला. अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी इसवी सनाच्या पाचव्या शतकातील आहेत. लेण्यांत दोन प्रकार दिसतात. स्तूप असलेला वंदनेचा मंडप म्हणजे चैत्य, आणि मधल्या दालनाभोवती निजण्याच्या खोल्या असलेले भिक्खूंचे निवासस्थान म्हणजे विहार. पावसाळ्याच्या मुक्कामास या वास्तू किती सोयीच्या होत्या, हे धुवांधार पावसात अजिंठ्याच्या एखाद्या विहारात उभे राहिल्यावर सहज पटते.

या लेण्यांतील दानलेख शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अवश्य समजावून सांगावेत. पितळखोऱ्याच्या लेखांत पैठणचा एक गंध विकणारा व्यापारी आणि एका राजवैद्याचे कुटुंब यांची नावे आहेत. अजिंठ्याच्या बाराव्या लेण्यात एका वाण्याच्या दानाची नोंद आहे. म्हणजे ही लेणी केवळ राजाज्ञेने उभी राहिली नाहीत. व्यवसाय करणाऱ्या माणसांनी आपल्या कमाईचा वाटा दिला आणि आपले नाव दगडावर कोरून घेतले. वस्तीतील विहाराच्या दाराशी असलेली वर्गणीदारांची फरशी ही त्याच रिवाजाची आजची आवृत्ती होय. फरक इतकाच की, आजच्या वस्तीतील विहारात भिक्खूंच्या खोल्या नाहीत. प्राचीन काळचा चैत्य आणि विहार या दोहोंचे काम आता एकच खोली करते, आणि तिला 'विहार' हे नाव राहिले आहे.

खंडित परंपरेचा नवा आरंभ

मध्यंतरीच्या शतकांत महाराष्ट्रातील ही परंपरा लोपली. लेणी रानात गेली. १८१९ साली एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या दृष्टीस अजिंठा पडला, तेव्हा तेथे वंदना करणारे कोणी उरले नव्हते. पुढे एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत बुद्धाचा अभ्यास सुरू झाला, पण गावकुसापर्यंत बुद्ध पोहोचला तो डॉ. आंबेडकरांमुळे.

त्यामागील वेदना खानदेशाने जवळून पाहिली आहे. १९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून डॉ. आंबेडकर खानदेशात आले होते. परतताना चाळीसगावच्या वस्तीतील लोकांच्या आग्रहावरून ते तेथे उतरले. स्थानकावरून त्यांना वस्तीत नेण्यास एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. पाहुण्याने पायी येणे शोभत नाही म्हणून वस्तीतल्याच एकाने, सवय नसताना, लगाम हाती घेतला. नदीवरील मोरीवर टांग्याला अपघात होऊन डॉ. आंबेडकर दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. विद्वत्ता व अधिकार असलेल्या माणसालाही टांग्याच्या बैठकीवर साधी बरोबरी मिळत नव्हती, हे त्यांनी आपल्या आठवणींत नोंदवून ठेवले आहे. ज्या समाजाला सार्वजनिक जागेत प्रवेश नव्हता, त्याच्या दृष्टीने स्वतःच्या हक्काची, कोणालाही मज्जाव नसलेली एक खोली म्हणजे काय, हे या प्रसंगावरून उमजते.

२५ डिसेंबर १९५४ रोजी पुण्याजवळ देहूरोड येथील विहारात डॉ. आंबेडकरांच्या हस्ते रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना झाली. १९५५ साली भारतीय बौद्ध महासभा स्थापन झाली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात अडीच हजारांच्या आसपास असलेली बौद्धांची संख्या १९६१ मध्ये २७ लाखांवर गेली. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात ६५ लाखांहून अधिक बौद्ध असून, देशातील बौद्धांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक महाराष्ट्रात आहेत.

एवढ्या अल्पावधीत लाखो लोकांनी धम्म स्वीकारला, पण प्रत्येक गावाला पुरतील इतके भिक्खू कोठून आणावयाचे? दीक्षेनंतर दोन महिन्यांच्या आतच, ६ डिसेंबर १९५६ रोजी, डॉ. आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. मात्र बौद्ध वाङ्मय अफाट आहे, सामान्य माणसाच्या हाती देता येईल असा एकच ग्रंथ हवा, हा विचार त्यांनी १९५० मध्येच एका लेखात मांडला होता. त्यानुसार त्यांनी इंग्रजीत लिहिलेला आठ खंडांचा ग्रंथ त्यांच्या पश्चात १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या मराठी अनुवादाच्या रूपाने तो खेड्यापाड्यांत पोहोचला. लहान लहान क्रमांकित परिच्छेदांची त्याची मांडणी रोज थोडे थोडे वाचण्यास सोयीची आहे.

येथेच महाराष्ट्रातील वर्षावासाचे वेगळेपण आहे. इतर बौद्ध देशांत वर्षावास भिक्खूंचा असतो आणि गृहस्थ त्यांची सेवा करतात. आपल्या गावांत भिक्खू क्वचितच येतात. म्हणून गृहस्थांनीच वर्षावास पाळावयास आरंभ केला आणि भिक्खूच्या आसनावर ग्रंथाची स्थापना झाली. तीन महिने रोज सायंकाळी ग्रंथ वाचावयाचा, इतरांनी ऐकावयाचा आणि वाचून झाल्यावर शंका विचारावयाच्या, असा हा रिवाज आहे. पुरोहित नसलेल्या या उपासनेत वाचता येणारा मनुष्य हाच तिचा आधार असतो.

आवाज थांबला तेव्हा

या आधाराचे मोल त्या गावाने अनुभवले आहे. तेथे पुष्कळ वर्षे रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ वाचन करीत. त्यांची दृष्टी अधू झाली आणि वाचन बंद पडले. सुशिक्षित तरुण कामधंद्यासाठी जळगाव, सुरत, पुणे येथे गेलेले. दोन पावसाळे विहारात वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या, परंतु ग्रंथ कपाटातून बाहेर निघाला नाही. त्या वृद्ध बाई मला म्हणाल्या, "मूर्ती होती, फोटो होता, हार होते. पण घरात कोणी बोलेनासं झालं की कसं वाटतं, तसं वाटायचं."

तिसऱ्या वर्षी गावातील शाळेच्या एका शिक्षकांच्या कानावर ही गोष्ट गेली. ते स्वतः दुसऱ्या समाजाचे आणि वारकरी घराण्यातले. आषाढी वारीसाठी मुक्ताईनगरहून मुक्ताईची पालखी निघते, त्या वाटेवर त्यांचे बालपण गेलेले. चातुर्मासात पोथी लावण्याची रीत त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांची. पावसाळ्यात ऐकण्याला काय महत्त्व असते, हे त्यांना सांगावे लागले नाही. शाळेच्या वेळेबाहेर, केवळ शेजारधर्म म्हणून, त्यांनी वस्तीतील लोकांना सुचविले की एका वाचकावर अवलंबून न राहता सातवीपासून पुढच्या मुलामुलींनी पाळीपाळीने दोन दोन पाने वाचावीत. पाळीचा तक्ता विहाराच्या भिंतीवर लागला. रविवारी सकाळी ते विहाराच्या ओसरीवर येऊन पुढील आठवड्यातील कठीण शब्द फळ्यावर लिहून देऊ लागले. 'प्रतीत्यसमुत्पाद' हा शब्द पहिल्या वर्षी एकालाही उच्चारता येत नव्हता, असे ते मला हसत हसत म्हणाले.

अडचण दुसरीच निघाली. वाचन संपेपर्यंत नऊ वाजत. विहारापासून पलीकडच्या आळीपर्यंत रस्त्यावर दिवा नव्हता आणि चिखलातून, अंधारातून मुलींना पाठविण्यास आयांचा जीव धजेना. तक्त्यावरील मुलींची नावे हळूहळू गळू लागली. ही गोष्ट एका महिला सदस्यांनी ग्रामपंचायतीच्या सभेत मांडली. खांब होताच, दिवा बसविण्यास फारसा खर्च आला नाही. पुढच्या आठवड्यात मुलींची नावे तक्त्यावर परत आली.

मी गेलो त्या सायंकाळी अकरावीत शिकणारी एक मुलगी वाचीत होती. मध्येच वीज गेली. कोणी हलले नाही. एकाने मूर्तीपुढची मेणबत्ती उचलून तिच्या शेजारी धरली आणि वाचन पुढे चालू झाले. गडबडीत तिच्याकडून दोन पाने एकदम उलटली गेली असावीत. दारापाशी बसलेल्या वृद्ध बाई लगेच म्हणाल्या, "पोरी, मधलं राहिलं." त्या बाईंना अक्षरओळख नाही. परंतु कित्येक पावसाळे ऐकून ग्रंथाचा क्रम त्यांना पाठ आहे. मुलीने पान मागे घेतले. राहिलेला भाग खरोखरच तेथे होता.

ग्रामीण कार्यकर्त्यांसाठी काही सूचना

या अनुभवावरून विहाराला भेट देणाऱ्या अधिकाऱ्यांनी, शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात असे वाटते.

विहारात जाताना पादत्राणे बाहेर काढावीत, 'जय भीम' किंवा 'नमो बुद्धाय' या अभिवादनास त्याच शब्दांत उत्तर द्यावे आणि सतरंजीवर सर्वांबरोबर बसावे. पाहुण्यासाठी खुर्ची मांडली जाते, पण समतेच्या जागी खाली बसण्यातच औचित्य आहे. फुले व मेणबत्ती न्यावी किंवा, त्याहून उत्तम म्हणजे, कपाटासाठी एखादे पुस्तक न्यावे. वस्तीचा उल्लेख जुन्या जातिवाचक नावाने करू नये. वस्त्यांची व रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतलेला आहे. तो कागदावर न राहता बोलण्यातही उतरला पाहिजे.

लेणी पाहावयास जाणाऱ्या शैक्षणिक सहलींनी एक भेद लक्षात घ्यावा. वस्तीतील विहारात मेणबत्ती लावणे ही वंदना आहे, पण अजिंठ्यात धूर व उष्णता यांनी चित्रांची हानी होते. तेथे हात जोडणे आणि भिंतीला स्पर्श न करणे हीच वंदना होय.

अनेक गावांत जिल्हा परिषदेमार्फत राबविल्या जाणाऱ्या अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकास योजनेतून समाजमंदिरे बांधली गेली आहेत. काही ठिकाणी वाचन समाजमंदिरात चालते, काही ठिकाणी लोकवर्गणीच्या विहारात. दोन्ही वास्तूंची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये वेगवेगळी व स्पष्ट असावी. जागेची नोंद संदिग्ध राहिली की पुढच्या पिढीत तंटे उद्भवतात. किल्ली कोणाकडे, वीजदेयक कोणी भरावयाचे, छपराची दुरुस्ती कोणी करावयाची, हे ठरवून ठेवावे. पावसाळ्यापूर्वी वस्तीतील रस्ता, गटार व दिवा यांची पाहणी करावी. धार्मिक विधी चालविणे हे पंचायतीचे काम नव्हे, परंतु नागरिकांना निर्धास्तपणे एकत्र येता यावे हे पाहणे निश्चितच तिचे काम आहे.

शिक्षकांनी या वाचनाकडे शिक्षणाचा एक मार्ग म्हणूनही पाहावे. जी मुलगी नव्वद दिवस आपल्या माणसांपुढे मोठ्याने वाचते, तिची भीड चेपते, उच्चार सुधारतो आणि आपल्या वाचण्यावर मोठी माणसे अवलंबून आहेत याची जाणीव तिला होते. असा अनुभव कोणत्याही पाठ्यपुस्तकातून मिळत नाही. विहारात वर्षभर सायंकाळी अभ्यासिका चालविणेही शक्य आहे. त्यासाठी दिवा, सतरंजी आणि नियमित येणारा एक मोठा माणूस एवढेच पुरे.

समारोप

वर्षावासाची सांगता आश्विन पौर्णिमेस होते. त्या दिवशी प्राचीन संघात 'पवारणा' नावाचा विधी होत असे. प्रत्येक भिक्खू संघापुढे, या तीन महिन्यांत माझ्याकडून काही दोष घडला असल्यास तो दाखवून द्यावा, अशी विनंती करी. वयाने व मानाने थोर असलेल्यांनाही त्यातून सूट नव्हती. गावांत आज हा दिवस भोजनदानाने साजरा होतो. गावाचा कारभार पाहणाऱ्यांनी मात्र पवारणेचा मूळ अर्थ विसरू नये. वर्षातून एकदा ग्रामसभेपुढे उभे राहून आमचे काय चुकले ते सांगा, असे म्हणावयास कोणत्याही धर्माची आडकाठी नाही.

परत निघताना त्या वृद्ध बाईंनी खोबऱ्याचा एक तुकडा माझ्याही हातावर ठेवला. बाहेर पाऊस थांबला होता आणि खांबावरचा दिवा लागलेला होता. त्याच्या उजेडात वाचणारी मुलगी आणि तिच्या मैत्रिणी आपल्या घराकडे चालत होत्या. उद्याचे वाचन कोणाचे, यावर त्यांची चर्चा चालली होती.